गार्बो, गेबल आणि तरीही कंटाळा: ‘सुझन लेनॉक्स’ कुठे फसतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. हॉलिवूडच्या ‘प्री-कोड’ काळाबद्दल, म्हणजे साधारण १९३० ते १९३४ या मोकळ्याढाकळ्या वर्षांबद्दल तुम्ही बरंच वाचलंत, मोठ्या उत्सुकतेने ग्रेटा गार्बो आणि क्लार्क गेबल यांचा ‘सुझन लेनॉक्स’ (१९३१) लावलात आणि पाऊण तासात घड्याळाकडे बघायला लागलात. आता तुम्हाला तीन शंका आहेत. आपल्यालाच जुना सिनेमा बघता येत नाही का? मिळालेली प्रत कापलेली आहे का? की हा काळच लोकांनी उगाच डोक्यावर घेतलाय?

मी संकलक आहे. बरीच वर्षं दुसऱ्यांचे सिनेमे कापण्या-जोडण्यात गेली, आता रसास्वाद शिबिरांमध्ये जुने सिनेमे दाखवते आणि त्यांवर बोलते. तेव्हा हे उत्तर संकलनाच्या टेबलावरून आलेलं आहे असं समजा. तुम्ही प्रश्न तीन विचारलेत, पण खरी बोच एकच दिसते: पडद्यावर दोन एवढी देखणी माणसं, विषय धीट, कॅमेरा उत्तम, मग ही प्रेमकथा धरून का ठेवत नाही? माझ्या मते तुमची निराशा रास्त आहे. दोष लेखनात आहे आणि तो बोट ठेवून दाखवता येतो. या कथेतल्या कुलपाची किल्ली पहिल्यापासून शेवटपर्यंत नायकाच्या खिशात आहे. नायिकेने काहीही केलं तरी ते कुलूप तिला उघडता येत नाही, त्यामुळे तिच्या कुठल्याच कृतीने गोष्ट पुढे सरकत नाही.

त्याआधी, जे बघण्याच्या परिस्थितीवर अवलंबून आहे ते सांगते. १९३१ चा बोलपट पाहताना पहिली अडचण कानाची असते. संवाद, इतर आवाज आणि संगीत वेगवेगळं मुद्रित करून नंतर एकत्र करायचं तंत्र तेव्हा बाळसं धरत होतं. पुन्हा मुद्रण केलं की आवाजाचा दर्जा घसरायचा, म्हणून बहुतेक प्रसंगांखाली पार्श्वसंगीत नसे. नुसते संवाद आणि त्यांच्या मधल्या जागेत फिल्मची खरखर. दोनेक वर्षांत हे पालटलं, पण ‘सुझन लेनॉक्स’ त्या आधीचा आहे. आपले कान सतत वाजणाऱ्या संगीताला सरावलेले असल्यामुळे ती शांतता आपल्याला रिकामी वाटते. मोबाइलवर, मधेमधे मेसेज बघत पाहिलात तर आणखीच. गार्बोचे उच्चारही स्वीडिश वळणाचे आहेत, तेव्हा उपशीर्षकं लावली असतील-नसतील यानेही फरक पडतो.

पण हे कारण पुरेसं नाही, आणि ते तुमच्याच प्रश्नातून कळतं. तुम्ही घड्याळ पाहिलंत पाऊण तासाने. हा सिनेमा ७६ मिनिटांच्या आसपासचा. पहिल्या भागातही पार्श्वसंगीत फारसं नाही, आवाज तितकाच खरखरीत आहे, तरी तिथे तुम्ही टिकलात. म्हणजे तुमचे डोळे-कान ठीक आहेत. पहिल्या शंकेचं उत्तर मिळालं.

आता कात्रीचं बघू. ही शंका अगदी योग्य आहे, कारण त्या काळातल्या कितीतरी सिनेमांचे खरोखर लचके तोडले गेलेत. ‘प्री-कोड’ या नावाने थोडा घोटाळा होतो. पडद्यावर काय दाखवायचं नाही याची नियमावली (‘कोड’) नव्हती असं अजिबात नाही. विल हेज यांच्या, म्हणजे हॉलिवूडच्या स्टुडिओंच्या संघटनेने ती मार्च १९३० मध्येच स्वीकारली होती, फक्त ती मोडली तर काय, याला दात नव्हते. ते आले १९३४ च्या उन्हाळ्यात. नियमावली राबवणाऱ्या जोसेफ ब्रीन यांच्या कार्यालयाचं प्रमाणपत्र नसेल तर संघटनेच्या सभासदांना सिनेमा लावता येईना, लावलाच तर २५,००० डॉलर दंड. त्याच्या आधीही न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया, ओहायो, कॅन्सस, मेरीलँड, व्हर्जिनिया या राज्यांची स्वतःची सेन्सॉर मंडळं होती आणि प्रत्येक मंडळ आपापल्या प्रिंटमधून हवं ते काढायचं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९१५ साली सिनेमा हा निव्वळ धंदा ठरवून त्याला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं संरक्षण नाकारलं होतं, त्यामुळे मंडळांना कोणी अडवूही शकत नव्हतं. आपल्याकडेही मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि रंगून इथे १९२० पासून मंडळं बसली होती, म्हणजे परदेशी सिनेमा मुंबईत लागायचा तोही एका चाळणीतून आलेला असायचा. आपल्या सिनेमाचं पूर्ण नाव ‘सुझन लेनॉक्स (हर फॉल अँड राइज)’, म्हणजे तिचं पतन आणि उत्थान. ब्रिटनमध्ये तर ते बदलून ‘द राइज ऑफ हेल्गा’ केलं; हेल्गा हे नायिकेचं आधीचं नाव. मूळ नावातलं पतन गेलं, उत्थान तेवढं राहिलं!

१९३४ नंतर जुना सिनेमा पुन्हा प्रदर्शित करायचा तर त्यालाही प्रमाणपत्र लागे. मग स्टुडिओ स्वतःच कात्री चालवत, तीही कित्येकदा मूळ निगेटिव्हवर. ‘लव्ह मी टुनाइट’ (१९३२) चे कापलेले तुकडे आजवर मिळालेले नाहीत. ‘ट्रबल इन पॅराडाइज’ (१९३२) ला १९३५ मध्ये परवानगीच मिळाली नाही, तो कित्येक वर्षं डब्यात पडून राहिला.

तर आपल्या हातातली प्रत कापलेली आहे हे कसं ओळखायचं? ३५ मिलीमीटरच्या फिल्मवर आवाजाची पट्टी चित्राच्या शेजारीच असते, पण त्याच चौकटीला लागून नसते. प्रोजेक्टरमध्ये आवाज वाचणारा भाग चित्राच्या खिडकीच्या पुढे असतो, म्हणून आवाज साधारण २० चौकटी आधी छापलेला असतो. आता कोणी तयार प्रिंटमधून तुकडा कापून दोन टोकं चिकटवली तर सांधा खिडकीपाशी आधी पोहोचतो आणि आवाजापाशी नंतर. परिणाम असा की चित्र उडी मारतं आणि पाऊण-एक सेकंदाने आवाज उडी मारतो. वाक्य किंवा सूर मधेच तुटतो, आणि तुटतो तो नव्या दृश्यावर. असं जिथे दिसेल तिथे शंभर टक्के नाही, पण बहुतेक वेळा नंतरची कात्री असते, किंवा प्रिंट फाटून चिकटवलेली असते.

निगेटिव्हवरच काम करून आवाज नव्याने बसवला असेल तर एवढं सोपं जात नाही. तिथे मी दुसरी खूण बघते: बोलणाऱ्याचं तोंड नेमकं महत्त्वाच्या वाक्याला दिसेनासं होतं का? ‘बेबी फेस’ (१९३३) मधला प्रसंग याचा नमुना आहे. बार्बरा स्टॅनविक ही बापाच्या दारूच्या गुत्त्यावर राबणारी मुलगी. एक म्हातारा चांभार तिला जर्मन तत्त्वज्ञ नीत्शेची पुस्तकं दाखवून सल्ला देतो. मूळ आवृत्तीत तो तिला सांगतो की तुझ्यात शक्ती आहे, पुरुषांना वापर आणि हवं ते मिळव. न्यूयॉर्कच्या मंडळाने सिनेमा नाकारला. मग स्टुडिओने त्या जागी चांभाराच्या पाठीवरून घेतलेलं दृश्य टाकलं आणि त्याच्या तोंडी, म्हणजे खरं तर त्याच्या पाठीवर, नवे शब्द चढवले. त्यात तो तिला सरळ मार्ग आणि वाकडा मार्ग यांतला फरक समजावू लागला. पाठ दिसतेय, ओठ दिसत नाहीत, काहीही वदवून घ्या. सत्तर वर्षं लोकांनी हीच आवृत्ती पाहिली. २००४ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहात मूळ आवृत्तीची निगेटिव्ह हाती लागली तेव्हा कुठे चांभार खरं काय म्हणाला ते ऐकू आलं.

‘सुझन लेनॉक्स’ मध्ये मला अशी जागा दिसत नाही. तुमची प्रत ७६ मिनिटांच्या जवळपास असेल तर ती पूर्ण समजा. आता तुम्ही म्हणाल, मग मधेमधे खड्डे का जाणवतात? सर्कशीच्या मालकाने नेमकं काय केलं ते दिसत नाही, न्यूयॉर्कला ती कशी पोहोचली ते दिसत नाही. ते खड्डे खरेच आहेत, पण चित्रीकरणाच्याही आधी, लिहितानाच खणलेले आहेत. आणि इथून खरी गोष्ट सुरू होते.

कथा आधी उजळून घेऊ. हेल्गा ही अनौरस मुलगी, आई बाळंतपणात गेलेली. कर्मठ मामा तिला वाढवतो, वाढवतो म्हणजे राबवून घेतो, आणि माँडस्ट्रम नावाच्या रांगड्या शेतकऱ्याच्या गळ्यात बांधायला निघतो. तो लग्नाआधीच तिच्यावर हात टाकतो, तशी ती भर वादळात पळून जाते आणि रॉडनी स्पेन्सर या इंजिनिअरच्या एकाकी घरापाशी येऊन पोहोचते. हा गेबल, अजून मिशी न ठेवलेला. प्रेम जमतं, लग्नाचं ठरतं, तो कामानिमित्त परगावी जातो. मागे मामा आणि माँडस्ट्रम येऊन धडकतात. ती पुन्हा पळते आणि सर्कशीच्या आगगाडीत चढते. सर्कशीचा मालक तिला पोलिसांपासून लपवतो आणि त्याची किंमत वसूल करतो. तिथेच ती सुझन लेनॉक्स होते. रॉडनी तिला शोधत येतो, खरं कळल्यावर तिला झिडकारून निघून जातो. ती न्यूयॉर्कमध्ये एका राजकारण्याची रखेल होऊन आलिशान घरात राहते, रॉडनीला मुद्दाम जेवायला बोलावते, दोघं एकमेकांना टोचून बोलतात आणि तो पुन्हा जातो. ती सगळं सोडून त्याला शोधत निघते, दक्षिण अमेरिकेतल्या एका बंदरावरच्या नाचगाण्याच्या अड्ड्यात येऊन ठेपते. एक श्रीमंत सज्जन तिला लग्नाचं विचारतो. तेवढ्यात रॉडनी उगवतो. ती श्रीमंताला नाही म्हणते, रॉडनी कसाबसा मानतो, समाप्त.

पहिली पंचवीस-तीस मिनिटं मी शिबिरात नेहमी दाखवते, कारण ती फार सुंदर आहेत. हेल्गाचं बालपण दिग्दर्शक रॉबर्ट लिओनार्डने सावल्यांमधून उलगडलंय. मुलगी वाढते ती सावली म्हणूनच, तिला चेहरा नाही. घरात तिला जी किंमत आहे तीच पडद्यावर दिसते. मूकपटाच्या काळात शिकलेली माणसं बोलपट आल्यावरही ही किमया विसरली नव्हती. कॅमेरा विल्यम डॅनियल्सचा, गार्बोचे बहुतेक सिनेमे त्यानेच टिपले.

मग रॉडनीचं घर. ती भिजलेली, घाबरलेली, दारापाशी कुत्रा भुंकतोय. तो तिला आत घेतो, खाऊ घालतो, घालायला स्वतःचा पायजमा देतो. ढगळ पायजम्यातली गार्बो हळूहळू सैलावते, दुसऱ्या दिवशी मासे पकडताना चक्क खिदळते. गार्बो म्हटलं की आपल्याला दुःखी, थकलेल्या पापण्या आठवतात, इथे मात्र ती विशीतली मुलगी आहे आणि गेबल तिच्यावर खूश आहे. या भागाचं संकलन बघा. दोघांना एकाच चौकटीत बराच वेळ ठेवलंय. कट कमी आहेत. कारण इथे प्रत्येक क्षणी ती काहीतरी ठरवतेय: आत यायचं का, खायचं का, याच्यावर विश्वास ठेवायचा का, राहायचं का. नजर, हात, पाय, सगळं निर्णयात गुंतलेलं आहे, आणि निर्णय घेणारं माणूस बघायला प्रेक्षकाला कधीच कंटाळा येत नाही.

रॉडनी परगावी जातो आणि सिनेमाही त्याच्याबरोबर निघून जातो, असं मी शिबिरात म्हणते.

का, ते बघा. सर्कशीपासून पुढे सुझनच्या आयुष्यातली प्रत्येक मोठी उलाढाल दोन प्रसंगांच्या मधल्या अंधारात घडते. सर्कस मालकासमोर ती हतबल होती, की तिने हिशेब केला, की दोन्ही? माहीत नाही. राजकारण्याकडे ती कशी गेली, पहिल्या दिवशी काय वाटलं, त्या घरात तिचं स्वतःचं काय होतं? माहीत नाही. पडदा उजळतो तेव्हा ती कपड्यांनी मढलेली समोर उभी असते. असे प्रसंग गाळण्यामागे सेन्सॉरची धास्ती आहेच, पण त्याहून मोठी धास्ती दुसरी होती: नायिकेबद्दलची सहानुभूती कमी व्हायला नको. तिने काही ठरवून केलं असं दाखवलं तर ती दोषी ठरेल. म्हणून तिला काहीच ठरवू द्यायचं नाही, तिच्या बाबतीत सगळं घडू द्यायचं. मग तिची जबाबदारी जाते आणि तिच्याबरोबर तिच्यातला रसही जातो.

उरतं काय? रॉडनीचं मत. सर्कशीत तो येतो, बघतो, चिडतो, जातो. न्यूयॉर्कमध्ये येतो, बघतो, चिडतो, जातो. बंदरावर येतो, बघतो, चिडतो, आणि या वेळी जात नाही. एकाच प्रसंगाचे हे तीन प्रयोग आहेत. तिसऱ्या वेळी तो का थांबतो, याचं कारण मागच्या दोन भेटींत कुठेही पेरलेलं नाही. ती श्रीमंत माणसाला नकार देते हा तिचा एकुलता एक निर्णय, पण त्यातही तिने सोडायचं सगळं आणि त्याने फक्त मन मोठं करायचं. तो मधल्या काळात किती दारू प्यायला, किती खचला, हे आपल्याला सांगितलं जातं, पण त्याने तिच्याशी जे केलं त्याचा जाब कोणी विचारत नाही. १९३१ चा प्रेक्षकही याला सरसकट भुलला असेल असं मला वाटत नाही. गल्ला झाला तो गार्बोच्या नावावर.

संकलक म्हणून मला आणखी एक गोष्ट खटकते. न्यूयॉर्कच्या जेवणाच्या प्रसंगापासून पुढे प्रत्येक पेचाचं उत्तर म्हणून गार्बोचा क्लोज-अप येतो. संवाद अडला, लाव क्लोज-अप. कारण सापडत नाही, लाव क्लोज-अप. डॅनियल्सचा प्रकाश इतका देखणा की पहिल्या दोन-तीन वेळा आपण फसतोही. पण क्लोज-अपला मागच्या-पुढच्या दृश्यांमधून अर्थ मिळतो. मागे निर्णय नसेल आणि पुढे परिणाम नसेल तर तो नुसता सुंदर फोटो. माझ्या अंदाजाने तुम्ही घड्याळ पाहिलंत ते इथेच कुठेतरी.

मूळ कादंबरी मात्र अशी नव्हती, आणि हे कळलं की सिनेमाचा राग जास्तच येतो. डेव्हिड ग्रॅहम फिलिप्स हा अमेरिकेतला शोधपत्रकार, सिनेटमधल्या पैशाच्या राजकारणावर १९०६ साली लेखमाला लिहून त्याने खळबळ उडवली होती. १९११ च्या जानेवारीत न्यूयॉर्कमध्ये एका माथेफिरूने त्याला गोळ्या घातल्या. आपल्या घराण्याची त्याने कादंबरीत बदनामी केली, असा त्या माणसाचा समज झाला होता. ‘सुझन लेनॉक्स’ ही कादंबरी फिलिप्सच्या मागे १९१७ मध्ये दोन खंडांत आली. तिच्यात सुझन कारखान्यांतल्या मजुरीपासून वेश्याव्यवसायापर्यंत सगळ्यातून जाते, पैशाचं गणित शिकते आणि शेवटी रंगभूमीवरची मोठी अभिनेत्री होते. तिचं उत्थान तिच्या कसबातून होतं. सिनेमात या उत्थानाची जागा रॉडनीच्या क्षमेने घेतली. दोन खंड ७६ मिनिटांत बसवायचे तर काटछाट होणारच, त्याला माझी हरकत नाही. पण काय ठेवलं आणि काय टाकलं, यावरून करणाऱ्यांच्या मनात काय होतं ते कळतं.

‘तेव्हा असंच करावं लागत असणार’ ही सबब इथे चालत नाही. याच दिग्दर्शकाने, याच एमजीएम स्टुडिओत, आदल्याच वर्षी ‘द डिव्होर्सी’ (१९३०) केला होता. नवरा बाहेरख्याली निघतो, वर ‘त्यात काय एवढं’ म्हणतो. बायको, म्हणजे नॉर्मा शिअरर, त्याच्या जिवलग मित्राबरोबर रात्र घालवते आणि नवऱ्याला स्वतःच्या तोंडाने सांगते की हिशेब चुकता केलाय. शेवट तिथेही समेटाचाच आहे, गोडगोड आहे. पण मधल्या तासाभरात प्रत्येक वळणावर बाई काहीतरी ठरवते, आणि त्या ठरवण्याची किंमत नवऱ्यालाही मोजावी लागते. शिअररला त्या भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं.

दोष गेबलचाही नाही. तो त्या वर्षी धडाधड सिनेमे करत होता, एमजीएमने त्याला मिळेल त्या नायिकेसमोर उभं केलं होतं. त्याचा खरा सूर ऐकायचा तर पुढच्याच वर्षीचा ‘रेड डस्ट’ (१९३२) बघा. इंडोचायनातला रबराचा मळा, पाऊस, चिखल, आणि सायगॉनहून आलेली व्हँटीन, म्हणजे जीन हार्लो. ती शरीरविक्रय करते हे पहिल्या पाच मिनिटांत कळतं आणि त्याबद्दल ती कोणाची माफी मागत नाही, तिला कोणी माफ करायलाही बसलेलं नाही. शेवटी दुसरी नायिका, एक विवाहित बाई, संतापाच्या भरात गेबलवर गोळी झाडते. नवरा दारात येऊन उभा. त्या क्षणी व्हँटीन थाप मारते की हा गेबल अंगचटीला आला म्हणून बाईने स्वतःची अब्रू वाचवायला गोळी घातली. एका थापेत दुसरीचा संसार वाचतो आणि स्वतःचा माणूसही हाती येतो. मग ती त्या जखमी माणसाला लहान मुलांची गोष्ट वाचून दाखवते, आणि त्याचा हात तिच्या गुडघ्याकडे सरकत असतो. तोच नट, तोच स्टुडिओ, मध्ये एका वर्षाचं अंतर.

लांबीचीही सबब नको. ‘वन वे पॅसेज’ (१९३२) सत्तर मिनिटांच्याही आतला आहे. हाँगकाँगहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणाऱ्या बोटीवर फाशीची शिक्षा झालेला माणूस आणि असाध्य आजाराने मरणाच्या दारात उभी बाई प्रेमात पडतात. दोघंही आपलं गुपित दुसऱ्यापासून लपवतात. प्यायल्यावर आपापल्या पेल्याचा दांडा मोडून दोन्ही दांडे एकमेकांवर फुली करून ठेवायचे, हा त्यांचा खेळ. विल्यम पॉवेल आणि के फ्रान्सिस. बोटीवरून निसटायची संधी आली तरी तो ती सोडतो, हा त्याचा निर्णय. तो जातोय कुठे हे समजल्यावरही ती हसून निरोप देते, हा तिचा. किल्ल्या दोन, दोघांकडे एकेक.

आणि गार्बो काय करू शकत होती ते ‘क्वीन क्रिस्टिना’ (१९३३) मध्ये आहे. बर्फात अडकलेल्या सराईतल्या तीन रात्री संपतात आणि सकाळी राणी त्या खोलीतल्या एकेका वस्तूला हात लावत फिरते, चरखा, आरसा, उशी, पलंगाचा खांब. संवाद जवळजवळ नाहीतच. प्रियकर विचारतो काय करतेस, ती म्हणते खोली पाठ करतेय. दिग्दर्शक रूबेन मामूलियनने हा प्रसंग मेट्रोनोमच्या, म्हणजे ताल मोजणाऱ्या यंत्राच्या ठेक्यावर बसवला होता. कॅमेरा पुन्हा डॅनियल्सचाच. इथे गार्बोचा चेहरा आपल्याला खिळवतो, कारण त्या चेहऱ्यामागे सिंहासन ठेवायचं की सोडायचं हा प्रश्न उभा आहे आणि उत्तर तिलाच द्यायचंय.

आता तिसरी शंका, हा काळच डोक्यावर घेतलाय का? थोडासा, हो. आपण ‘धीट’ म्हणतो त्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्यात. मंदीने थिएटरं ओस पडायला लागली, तेव्हा गिऱ्हाईक खेचायला स्टुडिओंनी अंतर्वस्त्रं, रखेल्या, सूचक विनोद यांचा सढळ वापर केला. हा वरवरचा धीटपणा, आणि त्याचा साचा ठरलेला: पहिली सगळी रिळं पाप, शेवटचं रीळ पश्चात्ताप. ‘सुझन लेनॉक्स’ या साच्यातला आहे. दुसरा धीटपणा पात्रांना मोकळं सोडण्याचा. बाईने चूक करावी, ती चूक तिची असावी, आणि तरीही सिनेमाने तिच्याकडे पाठ फिरवू नये. १९३४ नंतर हॉलिवूडमधून प्रामुख्याने हा दुसरा प्रकार हद्दपार झाला, त्याचंच लोकांना वाईट वाटतं. झगमगाट काय, तो नंतरही होताच. तेव्हा कुठलीही यादी वाचताना ‘यात काय काय दाखवलंय’ यापेक्षा ‘यात ठरवतं कोण’ हे बघा, निवड निम्म्याहून सोपी होते.

तुम्ही शेवटी विचारलंत की पुढे काय पाहू, आणि आईला सोबत घेऊन बसू का. आई बरोबर असेल तर ‘वन वे पॅसेज’ने सुरुवात करा, त्यात अवघडण्यासारखं काही नाही आणि रुमाल दोघांना लागेल. मग ‘द डिव्होर्सी’. ‘रेड डस्ट’मध्ये मळ्यावरच्या आशियाई नोकरांचं चित्रण आज कानकोंडं करणारं आहे, तेवढी तयारी ठेवून बघा. ‘बेबी फेस’ घेताना आवृत्ती कोणती ते आधी तपासा, मूळ साधारण ७६ मिनिटांची आणि कापलेली चार-पाच मिनिटांनी लहान आहे. ‘क्वीन क्रिस्टिना’ मोठ्या पडद्यावर मिळाला तर सोडू नका, नाहीतर निदान टीव्हीवर, खोलीत अंधार करून. आणि ‘सुझन लेनॉक्स’ आईला दाखवायचाच असेल तर रॉडनी बॅग घेऊन निघतो तिथपर्यंत दाखवा, पुढची गोष्ट तोंडी सांगितलीत तरी चालेल.